सरोचे शेंडे

शालिग्राम आला तेव्हा मी मंगरूळच्या बाजारासाठी वांगी तोडत होतो. शालिग्राम म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. किन्हीराजाहून तो नेहमी कोणाच्या तरी बैलबंडीत बसून येतो, आल्याबरोबर विहिरीवर जाऊन पाणी पितो आणि मग मला हाक मारतो. त्या दिवशी तो पायी आला आणि धुऱ्यावरच, शेताच्या बांधावर, उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते.

"भाऊजी," तो म्हणाला, "बाई काल गेली."

मी टोपलं खाली ठेवलं.

"कालच जाळली. मरीचं माणूस घरात ठेवू देत नाईत. पाटील म्हणे, उजेड हाय तोवर उरका."

"अन् मले?"

"तुमाले सांगाले धाडू कोनाले? गावात चालता माणूस राह्यला नाई. मीच तिले आग देली अन् सकाळी निघालो."

माझ्या बायकोला आग त्यानं दिली, आणि मी त्या वेळी काय करत होतो तर वांग्याची कीड वेचत होतो. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याचा काही दोष नव्हता, हे कळत होतं तरी वाटलं. तो बोलत माझ्याशी होता, पण त्याची नजर माझ्या मागं, विहिरीजवळ डब्यांत ठेवलेल्या सरोच्या झाडांवर होती. मला वाटलं, बहिणीची आठवण येत असेल.

चतुरा माझी बायको. आषाढ लागता लागता तिच्या आईचा, कस्तुराबाईचा, निरोप आला होता की अंगात ताप आहे, उठवत नाही, येऊन जा. किन्हीराजात मरीची साथ सुरू झाल्याचं बाजारात सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, जाऊ नको.

"माय बोलावते अन् मी इथं वांगे तोडत बसू?" चतुरा म्हणाली.

"तिथं शालिग्राम हाय, त्याची बायको हाय."

"त्यायले काय समजते? त्यायच्या हातचं पाणी तरी घेते का ती? तुमी एक करा, सरोच्या डब्यायत पाणी साचू देऊ नोका. भोकं बुजली का काडीनं मोकळी करा. अन् बकऱ्या येऊ देऊ नोका."

एवढं बोलून ती बंडीत बसली. कस्तुराबाईचा ताप साधा निघाला. ती उठून बसली, भाकर खाऊ लागली. चतुरा मेली. जे झालं ते एवढंच आहे. मी ते असं सरळ मांडतो आहे, कारण पुढं लोकांनी ते वेगळं करून सांगितलं आणि सांगताना त्यांची जीभ अडखळली नाही.

आता सरोंचं सांगितलं पाहिजे. एका वर्षी आमची विहीर आटली तेव्हा आम्ही दोघं अकोल्याला एका वकिलाच्या बंगल्यावर बागेच्या कामाला राहिलो होतो. तिथं फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी सरो उभे होते. सरळ, वर निमुळते, बुडापासून हिरवे. आमच्याकडं वैशाखात सगळं उघडं पडतं, पण ही झाडं तशीच हिरवी. चतुराला त्यांचं वेड लागलं. तिथल्या माळ्याच्या मागं लागून तिनं त्यांची ओळख शिकून घेतली, कारण त्याच बंगल्याच्या मागच्या कुंपणाला खडशेरणी होती आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात. खडशेरणीची बारीक काडी ओढली की सांध्यासांध्यात सुटते. परत बसवली तर बसतेसुद्धा. सरोची तशी सुटत नाही. तिच्यावर बारीक हिरवे खवले एकावर एक चिकटलेले असतात, आणि चुरगळली तर टरपेंटाइनचा वास येतो. फळही वेगळं. सरोचं गोल, सुपारीएवढं, भेगा पडलेलं. खडशेरणीचं लहान, बोटाला टोचणारं. हे मला चतुरानं शिकवलं. मला मोरपंखी तेवढी ओळखता येत होती, ती आम्ही हारात घालतो म्हणून.

निघताना तिनं सरोची वाळलेली फळं पदराला बांधून आणली. सुपात घालून उन्हात ठेवली तशी ती उकलली आणि बी खाली पडलं. वाळू आणि कुजलेला पाला मिसळून तिनं ते पेरलं. उगवायला एवढा वेळ लागला की मी त्या वाफ्यात कोथिंबीर टाकायला निघालो होतो. उगवलं तेही सरोसारखं नव्हतंच. अंगभर सुटी सुटी मऊ सुयांसारखी पानं.

"हे तण हाय," मी म्हटलं.

"लहानपणी तुमी तरी कुठं असे दिसत होते?" ती म्हणाली.

दुसऱ्या पावसाळ्यात सुया गेल्या आणि खवले आले. बरीच रोपं मेली. आमची माती काळी, पाणी धरून ठेवणारी. सरोचं मूळ त्यात सडतं. मग तिनं टेकडीवरून मुरूम आणला, मातीत निम्मा मिसळला, राकेलच्या डब्यांना आणि फुटक्या रांजणांना बुडाला भोकं पाडली आणि उरलेली रोपं त्यात लावली. ती जगली. चौथ्या पावसाळ्यात ती तिच्या डोक्याला लागली.

आम्हाला मूल नव्हतं. लोक म्हणत, चतुरानं झाडांना लेकरं केलं. हे मला कधी आवडलं नाही. लेकरं ती लेकरं. ही झाडं तिनं दुसऱ्याच्या दारात लावायला वाढवली होती. मंगरूळचे उत्तमराव देशमुख वाशीमच्या रस्त्याला बंगला बांधत होते. त्यांना ती स्वतः जाऊन म्हणाली होती की फाटकापासून पायऱ्यांपर्यंत सरो लावून देते, अकोल्यात आहेत तसे. देशमुखांनी हो म्हटलं. खड्डे खणून त्यात मुरूम भरून ठेवला होता. पावसाचा जोर ओसरला की लावायचं ठरलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यानं रस्त्यावरून ती ओळ पाहावी, एवढंच तिला हवं होतं. ती गेल्यावर मला दुसरं काही सुचत नव्हतं. ती ओळ लावायची, बस.

सुतकात माणसं भेटायला येत. शेजारच्या वावरातली हौसाबाई रोज येऊन बसायची. चांगली बाई आहे, पण तोंड बंद ठेवणं तिला जमत नाही.

"मी तिले तेव्हाच म्हणत होती," ती चारचौघींत म्हणाली. "सरो लावू नोको वं. लावणाऱ्याच्या डोक्यावर गेला का त्याले घेऊन जाते."

"तुमच्या अंगणातला कडूलिंब घराच्या वर गेला काकू," मी म्हटलं. "तुमी तं हायच."

बाया पदरात हसल्या. हौसाबाई हसली नाही.

"लिंबाची पानं झडतात गा. हे झडतच नाई. जे कधीच झडत नाई, ते काहीतरी खाऊनच राहत असन ना?"

"पाणी खाते. चतुरानं देलेलं."

"तिलेच खाल्लं," हौसाबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

सरोची पानं झडतात. आतल्या बाजूची, जुनी, तपकिरी होऊन झडतात. बाहेरून दिसत नाही एवढंच. हे मी सांगू लागलो, पण ऐकायला कोण बसलं होतं? ही म्हण मी जन्मात ऐकली नव्हती. सरो या गावात कोणी पाहिलेला नव्हता, मग त्याची म्हण कुठून आली? कोणाला तरी सुचली आणि चतुरा मेल्यावर ती जुनी झाली. माणूस मरीनं मेलं की दुसऱ्या दिवशी आपणही मरू शकतो. झाडानं मेलं की ज्यानं झाड लावलं नाही तो निर्धास्त. म्हणून सगळ्यांना ती पटली.

देशमुखही भेटायला आले. मोटार रस्त्यावर उभी करून आत आले, बाजेवर बसले.

"वाईट झालं चंपत. बाई कष्टाची होती."

मी हात जोडले.

"ते झाडांचं आता राहू दे," ते म्हणाले. "घरच्या बाया ऐकून नाई राह्यल्या. नव्या घराचा उंबरठा हाय. तुले समजते."

"मालक, खड्डे तयार हायत. झाडं तयार हायत. तिची एवढीच इच्छा होती."

"इच्छा सगळ्यायच्या असतात बावा. तू वाईट वाटून घेऊ नोको. लावू दुसरं काही."

मी म्हटलं, "मालक, तुमी बी असं मानता?"

"मी नाई मानत," ते म्हणाले, आणि त्यांनी सरोंकडं पाहिलं नाही. उठून निघताना वाट वाकडी करून ते विहिरीच्या पलीकडून गेले.

तेरावं झालं. शालिग्राम आला होता. कस्तुराबाई अजून अशक्त होती म्हणून आली नाही. जेवणं झाल्यावर मी आणलेली भांडी परत द्यायला गावात गेलो. परत आलो तर शालिग्राम विळा घेऊन सरोंमध्ये उभा होता.

त्यानं सगळ्यांचे शेंडे मारले होते. आपल्या छातीला विळा लावून माप घेतलं असावं, कारण सगळे एका रेघेत होते. काही ठिकाणी फक्त वरचं हिरवं गेलं होतं, खाली थोडं उरलं होतं. काही झाडं खालून विरळ होती, ती हिरव्याच्या खाली, उघड्या लाकडावर कापली गेली होती. शेंडे एका बाजूला ढिगानं पडले होते. वास सगळीकडं सुटला होता.

"हे काय केलं?"

"भाऊजी, रागावू नोका. आता हे तुमच्या डोक्यावर जात नाईत."

"कोनी सांगतलं तुले?"

"मायनं. म्हणे, पोरगी तं गेली, जवाई तरी राहू दे." तो घाबरला नव्हता. काम नीट केल्यासारखा बोलत होता. "अन् शेंडा खुडल्यानं काय झाड मरते? हरभऱ्याचा शेंडा खुडला का फुटवे येतात, घाटे जास्त लागतात. तुमी माळी हाय, तुमाले मी काय सांगू?"

"हा हरभरा हाय?"

"झाड ते झाड, भाऊजी."

"तूर तोड, फुटते. लिंब तोड, फुटते. मेंदी बुडाशी तोड, तरी फुटते. सरो नाई फुटत. उघड्या लाकडावर कापला का तो तसाच राह्यते. मरेपर्यंत तसाच! त्याले तिथं फुटाले डोळाच नसते. अन् शेंडा गेला का सरो नाई राहत, झुडूप राह्यते. तुह्या धुऱ्यावर हाय तसं!"

त्यानं विळ्याकडं पाहिलं, मग झाडांकडं.

"मले मालूम नव्हतं," तो म्हणाला.

"मालूम नव्हतं तं विचाराचं होतं! तिनं उन्हातान्हात मुरूम वाहून आणला. तू एका विळ्यानं..." मग जे आलं ते मी बोललो. "तिले झाडानं नाई नेलं. तुह्या मायच्या निरोपानं नेलं. गावात मरी असताना साध्या तापाले लेकीले बोलावते, अन् वरून झाडं कापाले तुले धाडते."

शालिग्राम खाली बसला. मला वाटलं, आता हा उलटून काही बोलेल आणि मग मी त्याला मारीन. मी वाट पाहत होतो.

"मायले ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक हाय?"

"तुमी म्हणता तेच. ती उठली का तेच म्हणे, मीच बोलावली, मीच बोलावली. बाई गेल्यावर अन्न सोडलं होतं तिनं. मंग कोनीतरी येऊन सरोचं सांगतलं. त्या दिवशी तिनं भाकर खाल्ली." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आता मी तिले जाऊन सांगू, का झाडाचं ते खोटं हाय?"

दुसऱ्या कोणाला त्याची कीव आली असती. मला आली नाही. एका बाईनं भाकर खावी म्हणून दुसऱ्या बाईची झाडं कापायची, हा कुठला न्याय? मी त्याच्या हातातला विळा घेतला आणि विहिरीत फेकला.

"चाल, निघ. पुन्हा धुऱ्याच्या आत पाय ठेवू नोको."

"भाऊजी, विळा दुसऱ्याचा हाय. मागून आणला होता."

"उतर विहिरीत अन् काढ."

तो उतरला नाही. उपरणं उचललं आणि चालायला लागला. रस्त्याला लागेपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

मी ढिगाजवळ बसलो. मला ते शेंडे जाळून टाकायचे होते. मग आठवलं की अकोल्याचा माळी शेंड्याच्या काड्या लावायचा. तो म्हणायचा, सरोची काडी लागणं अवघड, बीच बरं. पण लावायचीच तर शेंड्याची लावा. बाजूच्या फांदीची लागली तरी तिरपी वाढत राहते, तिला सरळ उभं राहायचं कळत नाही. शेंडाच शेंडा होतो. चतुरानं ते ऐकून ठेवलं होतं आणि मला ऐकवलं होतं. तेव्हा मी हो हो म्हटलं होतं.

मी शेंडे लहान केले. जाड लाकूड टाकून दिलं, टोकाकडचा वीतभर भाग ठेवला, खालचे खवले बोटांनी काढले, तळ तिरपा कापला. नाल्यातली वाळू धुऊन वाफा केला. काड्या खोचल्या, वर चार काठ्या रोवून गोणपाट टाकलं. अंधार पडायच्या आत सगळं झालं. हे मी प्रेमानं केलं असं कोणी समजू नये. शिव्या देत केलं. शालिग्रामला, त्याच्या आईला, हौसाबाईला, देशमुखांना, आणि जी जाऊ नको म्हटलं तरी गेली तिलाही.

डब्यांतल्या झाडांचं असं झालं: जिथं थोडं हिरवं उरलं होतं तिथं मी बाजूची एक फांदी वर ओढून बांबूच्या कामटीला सुतळीनं बांधली. कधीकधी तशी फांदी शेंड्याची जागा घेते. काहींनी घेतल्यासारखं दिसतं, पण त्या ठिकाणी बाक राहिला आहे आणि तो जाणार नाही. उघड्या लाकडावर कापलेली झाडं तशीच आहेत. त्यांना एक फुटवा आला नाही. हौसाबाई येता-जाता पाहते आणि म्हणते, फुटवा येईन गा, दम धर. तिच्या जन्मात तिनं न फुटणारं झाड पाहिलेलं नाही.

पाऊस ओसरला तेव्हा मी देशमुखांच्या बंगल्यावर गेलो. म्हटलं, पुन्हा एकदा विचारावं. बाक असलेली तरी लावू, निदान दोन, फाटकाशी. तर खड्डे भरलेले होते. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी रोपं उभी होती. मी एकाची काडी ओढली. सांध्यात सुटली.

देशमुख ओट्यावर होते.

"चांगली दिसते ना ओळ?" ते म्हणाले. "रोपवाटिकेतून मागवली. येणारे सगळे सरो समजतात."

"हे सरो नाई मालक. खडशेरणी हाय. हे उंच जाईन, पसरन, तुमच्या पायऱ्या अंधारात जातीन."

"हिरवं हाय ना? मंग झालं. अन् बायायची बी तक्रार नाई. हे म्हणे माणसाले खात नाई."

"सरो बी खात नाई."

"चंपत," ते म्हणाले, जरा खालच्या आवाजात, "कशाले वाढवतं आता? बाई गेली."

चतुरानं टेकडीवरून आणलेला मुरूम त्या खड्ड्यांत होता. त्यात आता खडशेरणी उभी होती. ती उपटून फेकावी असं माझ्या मनात आलं होतं. त्या रोपांनी काय केलं होतं? मी परत आलो.

दिवाळी झाल्यावर कस्तुराबाई आली. बंडी रस्त्यावर थांबली. शालिग्राम बंडीतच बसून राहिला, धुऱ्याच्या आत आला नाही. ती एकटीच काठी टेकत आली. खूप वाळली होती. मी पाणी दिलं. तिनं घेतलं नाही. विहिरीजवळ जाऊन तिनं डब्यांतली झाडं पाहिली, मग वाळूचा वाफा पाहिला, खाली बसली.

"जवाईबापू, हे तेच शेंडे?"

"तेच."

"हिरवे हायत. म्हंजे जिते हायत ना?"

"हिरवे दिसतात म्हून जिते नसतात," मी म्हटलं. "सरो तोडला तरी महिनोन् महिने हिरवा राह्यते. आतून मेला असला तरी राह्यते."

"मंग समजते कसं?"

"उपटून पाहा लागते. मूळ असलं तं जितं."

"मंग पाहाना एक."

"उपटलं तं आलेलं मूळ तुटन. आता नाई उपटत."

ती काठीनं वाळूवर काहीतरी करत बसली. मी दुसरीकडं पाहत होतो. मला ती जायला हवी होती.

"तुमी शालिगले म्हणाले ते त्यानं मले सांगतलं," ती म्हणाली.

"मी म्हटलं होतं."

"आता बी म्हणता?"

तिला काय हवं होतं ते मला दिसत होतं. मी नाही म्हणावं, मरी कोणाच्या बोलावण्यानं येत नाही म्हणावं, एवढंच. खरंही तेच असेल. इथं मंगरूळातही नंतर मरी आली आणि माणसं गेली. पण माझ्या तोंडून ते निघालं नाही. चतुराला मी पाहिलंही नाही, आग दिली नाही, आणि हिला मी धीर द्यायचा?

"एक काडी मले द्या," कस्तुराबाई म्हणाली. "मूळ आलेली. तिले जाळलं तिथं नाल्यावर लावीन."

मला हसू आलं. वाईट हसू होतं ते.

"तुमी तं म्हणता, ते माणूस खाते. डोक्यावर गेलं का नेते."

"हो," ती म्हणाली. "मीच लावीन. माह्या हातानं. जाऊ दे माह्या डोक्यावर."

"नाल्याची माती काळी हाय. सडन."

"मुरूम टाकीन."

"कोन आणन मुरूम? तुमच्यानं चालवत नाई."

"शालिग आणन. नाई आणला तं मी ओंजळीनं आणीन."

मी वाफ्यावरचं गोणपाट नीट केलं. म्हटलं, मूळ आल्याशिवाय देता येत नाही. हे खरंच होतं. पण ते खरं आहे म्हणून मी म्हटलं नव्हतं, आणि तिलाही ते कळलं. ती उठायला लागली. मी हात दिला नाही. तिनं काठीवर जोर दिला आणि उठली. धुऱ्यापाशी शालिग्रामनं उतरून तिला धरलं. माझ्याकडं पाहून त्यानं रामराम घातला. मी घातला नाही.

तिच्यामागं हौसाबाई आली. "काय म्हणत होती बुढी?"

"काडी मागत होती."

"देली?"

"नाई."

"चांगलं केलं," हौसाबाई म्हणाली. "असलं कोनाच्या घरी देऊ नये."

मी तिच्यावर एवढा ओरडलो की तिची बकरी दावं तोडून पळाली. बकरीला धरायला मलाच धावावं लागलं.

आता पौष संपत आला आहे. काही काड्या तपकिरी झाल्या, त्या मी काढून टाकल्या. त्यांना मूळ नव्हतं. बाकीच्या हिरव्या आहेत. एकीच्या टोकाला नवा, फिका खवला दिसतो आहे, पण सरो आतल्या रसावर तेवढंही करून दाखवतो, म्हणून त्यावर मी काही ठरवत नाही. वाफा उकरलेला नाही. किन्हीराजाला मी गेलेलो नाही. कस्तुराबाईला काडी दिलेली नाही. चतुराचं एकही झाड अजून जमिनीत लागलेलं नाही.